एररची लाइन अशी लिहा की रात्री दोनला पण कळेल

ऐरोलीला नाइट सपोर्टला होतो तेव्हा एकदा रात्री दोनला रिफंड अडकले, लॉग (प्रोग्राम चालताना काय काय झालं त्याची नोंद) उघडला तर नुसतं 'काहीतरी चुकलं', तेही खंडीभर वेळा. कोणाची ऑर्डर, कुठली स्टेप, काय व्हॅल्यू आली, काही पत्ता नाही. सकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये बसलो तरी डोक्यात तेच. तेव्हापासून टीममध्ये नवीन कोणी आलं की आधी हेच सांगतो.

सुरुवात वेळेने, आयएसओ ८६०१ प्रमाणे, म्हणजे आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि टाइमझोन लावायचाच. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ, आपल्या साडेपाच तास मागे) असतो, कस्टमर म्हणतो रात्री दोनला झालं आणि लॉगमध्ये ते आदल्या तारखेला रात्री साडेआठला सापडतं. मग लेव्हल (एरर की वॉर्निंग), मग रिक्वेस्ट आयडी (त्या एका रिक्वेस्टचा नंबर), मग मेसेज. असं:

२०२५-०७-०९टी०२:१४:०७+०५:३० एरर रिक्वेस्ट=७एफ३ए ऑर्डर=४४१८ स्टेप=रिफंड मेसेज="रक्कम वाचता आली नाही" मिळालं="१२०० " हवं="पूर्णांक"

यात मेसेजचं वाक्य कायम तेच ठेवायचं, बदलणारी व्हॅल्यू त्यात घुसवायची नाही, म्हणजे ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून किती वेळा झालं ते लगेच मोजता येतं. आणि 'मिळालं'मध्ये नीट बघा, १२०० नंतर एक स्पेस आहे. अवतरणचिन्हं होती म्हणून दिसली ती, नाहीतर आकडा तर बरोबर आहे मग फाटतंय कुठे म्हणत बसला असता.

युजरने टाइप केलेलं लॉगमध्ये टाकताना त्यातली न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं चिन्ह) एस्केप करा, म्हणजे साध्या अक्षरांत बदला, नाहीतर कोणीही आपल्या लॉगमध्ये खोटी लाइन घुसवू शकतो, हे खरंच होतं. पायथॉन असेल तर एक्सेप्ट ब्लॉकमध्ये (एरर पकडणारा कोडचा भाग) लॉगर डॉट एरर नको, लॉगर डॉट एक्सेप्शन वापरा, स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून आला त्याचा माग) आपोआप येतो. पण तोच एरर कोडच्या प्रत्येक लेयरला (थराला) लॉग करून परत वर फेकू नका हो, एक बिघाड पाच वाटतो. जिथे हँडल करताय तिथेच एकदा लिहा. रिट्राय करून काम झालं असेल तर ते वॉर्निंग, एरर नाही.

पासवर्ड आणि ओटीपी लॉगमध्ये कधीच नाही, टेस्टिंगपुरतं म्हणून पण नाही. कार्ड नंबरचे शेवटचे चार आकडे शोधायला पुरतात.