चिमण्यांचा दाणा खारी-उंदरांपासून कसा वाचवावा

आमच्या परसात पेरूच्या फांदीला सुतळीने करवंटी टांगली आणि तिच्यात बाजरी भरली. दुसऱ्याच सकाळी खार मागच्या पायांनी सुतळीला धरून उलटी लोंबकळत निवांत दाणे सोलत होती आणि चिमण्या तारेवर ताटकळत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सुतळीच कुरतडलेली.

म्हणून आधी झाड सोडा. मोकळ्या जागेत सहा फुटी गुळगुळीत लोखंडी पाइप रोवा आणि दाण्याचं भांडं त्याच्या टोकावर ठेवा. भिंत, फांदी, कपड्यांची दोरी, सगळं किमान आठ फूट लांब हवं, कारण खार लांब उडी मारते. जुन्या घमेल्याला मधोमध भोक पाडून ते चारेक फुटांवर पाइपमध्ये पालथं अडकवा. खालून चढणारी खार घमेल्याच्या पोटाशी अडते आणि परत फिरते. पाइपला ग्रीस किंवा तेल मात्र कधीही लावू नका. ते पिसांना चिकटलं की पाखराला नीट उडता येत नाही.

तरीही खार आलीच तर तिखट वापरा. पोपट हिरवी मिरची चवीने खातो ते आपण पाहतोच. मिरचीतलं कॅप्सेसिन खारी-उंदरांच्या तोंडाला झोंबतं, पक्ष्यांना ते जाणवत नाही. वाटीभर बाजरीला तेलाचे चार थेंब चोळून मग चमचाभर तिखट लावा. कोरडं भुरभुरलं तर वाऱ्याने डोळ्यांत जातं, पाखरांच्याही आणि आपल्याही.

कबुतरांसाठी दाण्याभोवती दीड इंची चौकोनांच्या जाळीचा पिंजरा करा. चिमण्या, मुनिया आरामात आत शिरतात, कबुतर बाहेर राहतं. खारीला ही जाळी अडवत नाही, तिच्यासाठी घमेलंच हवं.

सगळ्यात जास्त काळजी खाली सांडणाऱ्या दाण्याची घ्या. सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मागावर धामण, नाग, घोणस थेट दारापर्यंत येतात. घरात लहान मुलं असतील तर इथे आळस करूच नका. सकाळी मूठभरच दाणा घाला, दुपारपर्यंत संपेल इतकाच. मिश्र दाण्यात नको असलेला दाणा पाखरं चोचीने उडवून टाकतात, म्हणून नुसती बाजरी किंवा तांदळाची कणी ठेवा. दिवेलागणीआधी भांडं घरात घ्या, खालची जमीन झाडा. उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड आणि मांजरही मरतं.

मांजर दबा धरून झडप घालतं. खांबाभोवती दहा फुटांत झुडूप, कुंड्यांची रांग, विटांचा ढीग असं लपण्याजोगं काही ठेवू नका.

माकडांची टोळी आली तर जाळी-घमेलं काही टिकत नाही. आठ-दहा दिवस दाणा पूर्ण बंद ठेवा. काही मिळेनासं झालं की टोळी पुढे सरकते. पाण्याचं उथळ भांडं मात्र तेवढे दिवसही भरलेलं राहू द्या आणि ते रोज घासा.