एकच ड्राइव्ह, चार फ्लॉप्या: अदलाबदल कमी कशी करायची

एकच फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या जुन्या पीसीवर डॉस (पीसी चालवणारी मूळ प्रणाली) त्याच ड्राइव्हला ए आणि बी अशी दोन नावं देतं. म्हणून 'बी मध्ये डिस्क घाला' असं पडद्यावर आलं की दुसरा ड्राइव्ह शोधू नका, आहे त्यातलीच फ्लॉपी बदला.

कॉपी करण्याआधी मूळ फ्लॉपीची कड बघा. सव्वापाच इंचीला बाजूला चौकोनी खाच असते, तिच्यावर खोक्यातली काळी किंवा चंदेरी पट्टी चिकटवा, म्हणजे त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. पारदर्शक सेलोटेप चालत नाही, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये खाच प्रकाशाने तपासली जाते. यात आळस करू नका: डिस्ककॉपी (पूर्ण फ्लॉपीची नक्कल करणारी आज्ञा) चालू असताना चौथ्या बदलाला हात चुकतोच, आणि कोऱ्याऐवजी मूळ फ्लॉपीच पुसली जाते.

पूर्ण फ्लॉपीसाठी 'डिस्ककॉपी ए: बी:' वापरा. 360 केबीची फ्लॉपी 640 केबी मेमरीत एका फेरीत उतरते, 256 केबीत दोन फेऱ्या लागतात. निवडक फायलींसाठी 'कॉपी *.*' टाळा, ते दर फायलीमागे फ्लॉपी बदलायला लावतं. डॉस 3.2 पासूनचं एक्सकॉपी मेमरीत मावतील तितक्या फायली एकदम वाचतं. मात्र ते स्वतःच डॉसच्या फ्लॉपीवर असतं, म्हणून 'एक्सकॉपी ए: बी: /डब्ल्यू' असं लिहा. /डब्ल्यूमुळे ते लोड होऊन थांबतं, तेवढ्यात मूळ फ्लॉपी घाला आणि कळ दाबा.

सगळ्यात वैताग आणतो तो 'कमांड डॉट कॉम असलेली डिस्क घाला' हा संदेश. कमांड डॉट कॉम म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारी डॉसची फाइल; मोठा प्रोग्रॅम तिचा मेमरीतला एक भाग पुसतो, बाहेर पडताना डॉसला तो पुन्हा वाचावा लागतो. उपाय रॅम डिस्कचा, म्हणजे मेमरीतच बनवलेल्या ड्राइव्हचा. पीसी सुरू होताना डॉस वाचतं त्या कॉन्फिग डॉट सिस फायलीत 'डिव्हाइस=रॅमड्राइव्ह.सिस 64' लिहा. हार्ड डिस्क नसेल तर रॅम डिस्कला सी हे अक्षर मिळतं. सुरुवातीलाच आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट बॅट फायलीत कमांड डॉट कॉम सी वर कॉपी करा आणि पुढच्या ओळीत 'सेट कॉमस्पेक=सी:\कमांड.कॉम' घाला. 64 केबी मेमरी त्यात जाते, पण ती वसूल होते. फक्त रॅम डिस्कवर पत्रं ठेवू नका, वीज गेली की गेली. मेमरी तोकडी असेल तर प्रोग्रॅमची नवी फ्लॉपी 'फॉरमॅट बी: /एस' ने बनवा, म्हणजे कमांड डॉट कॉम तिच्यावरच राहील.

फ्लॉपी वाचता-लिहिता आली नाही की येणारा 'अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर' हा संदेश आला की दुसरी फ्लॉपी घालून आर (रिट्राय) दाबायचा मोह होतो. आधीच्या फ्लॉपीचा फॅट (कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता) अजून मेमरीत असतो, तो नव्या फ्लॉपीवर लिहिला गेला की तिच्यावरच्या फायली गेल्याच. आधीची फ्लॉपी परत घाला, मगच आर. ती हाताशी नसेल तर ए (अबॉर्ट) दाबा.

लेबलवर लिहायचं तर चिकटवण्याआधी लिहा. चिकटवलेल्या लेबलवर बॉलपेन दाबला की आतल्या चकतीवर वळ उठतो.