नाशिकमध्ये वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना देखभालीचा दर्जा कसा पारखावा

मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये किंवा नाशिकरोडच्या जुन्या घरात, अशी विभागणी झालेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, पार्किन्सन किंवा वाढत गेलेला स्मृतिभ्रंश यांमुळे घरी देखभाल होईनाशी झाली, की चोवीस तास शुश्रूषा देणाऱ्या निवासी केंद्राचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा रुग्णालयातून डिस्चार्जची तारीख मिळाल्यावर, म्हणजे घाईघाईतच होतो. अशा वेळी इमारत, बाग आणि संचालकांचे गोड बोलणे यांवर निर्णय घेतला जातो. माझ्या मते केंद्राचा दर्जा खात्रीने कळतो तो तिथल्या सर्वांत परावलंबी रहिवाशाच्या अंथरुणापाशी. जो चालतो, बोलतो आणि तक्रार करू शकतो त्याच्याकडे कोणीही लक्ष देते. ज्याला कूस बदलता येत नाही आणि पाणीही मागता येत नाही, त्याला कसे ठेवले आहे हे पाहिले म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येतो. पुढील सर्व तपासणी याच दृष्टीने करावी.

आधी कागदपत्रे

केंद्र नेमके कोण चालवते, हे प्रथम विचारावे. सार्वजनिक न्यास असेल तर त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि नाशिकमध्ये सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय असल्यामुळे नोंदणी क्रमांकाची खातरजमा करता येते. केंद्र रुग्ण दाखल करून वैद्यकीय उपचार देत असल्याचे सांगत असेल, तर महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम, १९४९ खालील प्रमाणपत्र दाखवण्यास सांगावे. शहराच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे होते. अनेक केंद्रे मात्र केवळ निवास, जेवण आणि मदतनीस देतात. त्यात गैर काही नाही, पण मग जाहिरातीतील ‘चोवीस तास वैद्यकीय सेवा’ म्हणजे प्रत्यक्षात काय, डॉक्टर कोणत्या दिवशी किती वाजता येतात आणि मध्यरात्री त्यांच्याऐवजी कोण येते, हे लेखी मागावे. परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. दिवसभराचे काम मावशी आणि मामाच करतात. परंतु इन्सुलिन देणे, नळीतून अन्न देणे आणि जखमेचे ड्रेसिंग करणे ही कामे प्रशिक्षित हातांत असली पाहिजेत किंवा निदान त्यांच्या देखरेखीखाली व्हायला हवीत.

भेट केव्हा आणि किती वेळा

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी आणि ती दुपारच्या जेवणाच्या वेळी असावी, कारण जेवण भरवण्याच्या पद्धतीवरून मनुष्यबळ आणि स्वभाव दोन्ही कळतात. दुसरी भेट न सांगता, रविवारी किंवा रात्री आठनंतर द्यावी. रात्री प्रवेश मिळणार नाही असे सांगितले, तर रहिवाशांच्या झोपेचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. पण रात्रपाळीत किती माणसे असतात आणि ती किती रहिवाशांसाठी असतात, याचे उत्तर फाटकाशी उभे राहूनही मिळू शकते. हा आकडा सांगताना संचालक अडखळले, तर दिवसाचा आकडा कितीही चांगला असला तरी त्याला फारसे महत्त्व देऊ नये.

आत शिरताच वास येतो. लघवीचा क्षणिक वास कुठेही येऊ शकतो, मात्र गाद्यांत आणि पडद्यांत मुरलेला वास डायपर वेळेवर बदलले जात नसल्याचे सांगतो. फिनाइलचा अतितीव्र दर्प आला तरी दोनदा विचार करावा.

शरीरावरच्या खुणा

संबंधितांची परवानगी घेऊन, किंवा दुरूनच, अंथरुणाला खिळलेल्या दोन-तीन रहिवाशांकडे नीट पाहावे. नखे कापलेली आहेत का, दाढी केलेली आहे का, ओठ कोरडे पडून जिभेवर पांढरा थर साचला आहे का, चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र ज्याचे त्याच्याकडे आहे का, हे पाहावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण चष्मा आणि यंत्र कपाटात पडून असेल तर तो माणूस दिवसभर न पाहता, न ऐकता बसलेला असतो आणि काही आठवड्यांत ‘त्यांना काही कळत नाही’ असे त्याच्याविषयी बोलले जाऊ लागते.

पाठीवरच्या जखमा, म्हणजे बेडसोर, हा शुश्रूषेचा सर्वांत प्रामाणिक निकष आहे. एकाच अवस्थेत पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो, आणि त्यात ओलसरपणा व अपुऱ्या प्रथिनांची भर पडली की माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू येथे जखम होते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही फिकट न होणारी लाली. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसत नाही, त्यामुळे तेथे काळसर डाग, गरमपणा किंवा कडकपणा तपासावा लागतो. या टप्प्यावर दाब काढला तर जखम टळते. दुर्लक्ष झाल्यास ती स्नायू आणि हाडापर्यंत जाते, आणि मग जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचा धोका असतो. म्हणून केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात: पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का, त्याची वेळेसह नोंद कुठे आहे, आणि सध्या किती जणांना जखमा आहेत व त्यांपैकी किती येथे आल्यावर झाल्या. ‘आमच्याकडे कोणालाच नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहेत, एक रुग्णालयातूनच घेऊन आले होते, हे ड्रेसिंगचे कागद’ असे उत्तर मला अधिक विश्वासार्ह वाटते. हवेची गादी असली म्हणजे कूस बदलायला नको, असा गैरसमज कर्मचाऱ्यांतही आढळतो. पंप बंद पडलेली गादी तर साध्या गादीहून वाईट. तेव्हा पंप चालू आहे का, हेही पाहून घ्यावे.

कूस बदलण्याच्या तक्त्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. सर्व वेळा एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि दुपारी भेट दिली असता संध्याकाळपर्यंतच्या नोंदी आधीच भरलेल्या दिसल्या, तर त्या तक्त्याचे काय मोल हे वेगळे सांगायला नको.

नळ्या, औषधे आणि जेवण

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली टांगलेली असावी आणि ती जमिनीला टेकू नये. नाकातील नळीतून अन्न देताना रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंश उंच असावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास तो तसाच राहावा. आडव्या पडलेल्या रुग्णाला अन्न दिले जात असेल, तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे दृश्य एकदा जरी दिसले तरी ते केंद्र यादीतून काढून टाकावे.

औषधांची नोंद प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि देणाऱ्याची सही देताच व्हावी. पार्किन्सनच्या लेव्होडोपाची वेळ तासाभराने चुकली तरी रुग्ण जखडतो, आणि इन्सुलिन दिल्यावर ताट उशिरा आले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्यासाठी रात्रीचे जेवण किती वाजता होते हे विचारावे. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी साडेपाच-सहाला जेवण उरकून सकाळी सातला चहा देणाऱ्या ठिकाणी मधुमेही व्यक्तीचे तेरा तास रिकाम्या पोटी जातात. झोपण्यापूर्वी दूध किंवा अन्य काही मिळते का, याची चौकशी करावी. पाण्याचेही तसेच. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागितल्यावर देणे पुरेसे नसते, ते वेळोवेळी पाजावे लागते.

महिन्यातून एकदा वजन घेतले जाते का? एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटले, तर ती वयाची स्वाभाविक गोष्ट समजू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

बांधणे आणि झोपवून ठेवणे

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवण्याबाबत केंद्राचे धोरण काय, हे थेट विचारावे, आणि मनगटांवर वळ दिसतात का तेही पाहावे. गोळ्या देऊन बांधणे हे त्याहून अवघड, कारण ते दिसत नाही. सकाळी अकराला बहुसंख्य रहिवासी गाढ झोपलेले असतील, तर क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल किंवा लोराझेपाम यांसारखी औषधे कोणाच्या लेखी सूचनेने आणि किती काळासाठी दिली जातात, याचे उत्तर मिळाले पाहिजे. अचानक वाढलेला गोंधळ किंवा आक्रमकपणा यामागे अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा वेदना असते. चांगले केंद्र आधी ते शोधते.

नाशिकचे म्हणून काही

डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली जाते. तळमजल्यावरच्या टाइल्सच्या खोलीत पुरेशी पांघरुणे आणि अंघोळीला गरम पाणी आहे का, हे उन्हाळ्यात पाहायला गेलेल्यांच्या लक्षात येत नाही. गरम पाणी अंगावर घेण्यापूर्वी ते हाताने तपासले जाते का, हेही विचारावे, कारण पक्षाघात झालेल्या अंगाला चटका जाणवत नाही.

अत्यवस्थ रुग्ण कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने आणि कोणाच्या सोबतीने जाईल, याची योजना लेखी असावी. १०८ ला दूरध्वनी करणे ही सुरुवात झाली, पण सोबत जाणारा माणूस रात्रपाळीतूनच काढला तर मागे कोण उरते? पंचवटी आणि रामकुंडाच्या आसपासचे केंद्र घेत असाल, तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांतील वाहतूक बंदी गृहीत धरून हा प्रश्न विचारावा.

पैसे आणि करार

मासिक शुल्कात काय येते आणि काय नाही, हे सविस्तर लिहून घ्यावे. डायपर, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, स्वतंत्र मदतनीस आणि रुग्णालयातील सोबत यांची रक्कम बहुधा वेगळी असते. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, रहिवासी रुग्णालयात असताना शुल्क चालू राहील का, आणि मृत्यू झाल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र कोण देईल, या प्रश्नांना संकोचाने बगल देऊ नये. चेकबुक, एटीएम कार्ड आणि मूळ कागदपत्रे केंद्राकडे ठेवू नयेत. नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्यासाठी कुटुंबातील कोणीतरी स्वतः यावे. ७० वर्षांवरील व्यक्तीचे आयुष्मान कार्ड काढून त्याची प्रत मात्र केंद्रात ठेवावी.

दाखल केल्यानंतर

प्रवेशाच्या दिवशी वजन, त्वचेची अवस्था आणि असलेल्या जखमा यांची नोंद दोन्ही बाजूंच्या सहीने करावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही. पहिल्या महिन्यात भेटी वेगवेगळ्या वेळी द्याव्यात. परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर समाधान न मानता एखाद्या नातेवाइकाला पाठवावे, कारण कॉलसाठी केस विंचरून खुर्चीत बसवणे सोपे असते. अंगाला खाज सुटल्याची तक्रार असेल तर खरूज तपासून घ्यावी. ती एकाला झाली की खोलीत पसरते.

तक्रार प्रथम संचालकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मारहाण, उपासमार किंवा बांधून ठेवणे यांत थांबू नये, पोलिसांकडे जावे. १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत मार्गदर्शन मिळते. न्यासाच्या कारभाराविषयी सह धर्मादाय आयुक्तांकडे आणि नोंदणीकृत शुश्रूषागृहाविषयी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे अर्ज करता येतो. पैसे घेऊन सेवेत कसूर झाली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. या प्रत्येक ठिकाणी प्रवेशाच्या दिवशीची ती सही केलेली नोंद, तारखेसह काढलेली छायाचित्रे आणि शुल्काच्या पावत्या मागितल्या जाऊ शकतात, त्यामुळे त्यांची एक प्रत घरी ठेवावी.