जुनी स्क्रोल सॉ घेतली, थरथर अशी थांबवली (माझा अनुभव)

गणपतीच्या मखराची जाळी यंदा घरीच कापायची होती. नवी स्क्रोल सॉ (बारीक ब्लेडने लाकडात नक्षी कापायची मशीन) बघितली पण बजेटच्या बाहेर, म्हणून इथे इंदूरलाच एका काकांकडून वापरलेली १६ इंचाची घेतली, जवळपास निम्म्या किमतीत. घरी आणून चालू केली तर टेबलासकट थरथरायला लागली आणि प्लाय वर उचलला जायचा, जाम टेन्शन आलं.

आधी ब्लेड बघितलं तर ते उलटं लावलेलं! दात समोर आणि खाली पाहिजेत, तरच लाकूड टेबलावर दाबलेलं राहतं. मग सियागंज बाजारातून नटबोल्ट आणले, जड लाकडी बाकावर खाली रबर मॅट टाकून मशीन चारही बाजूंनी कसली, तेव्हा कुठे थरथर बरीचशी थांबली. तरी काप तिरका येत होता. जाड तुकड्यात थोडासा काप घेतला, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागे नेला आणि ब्लेड त्याच कापात बसतं का बघितलं, बसेना, म्हणून टेबलाचा कोन थोडा थोडा बदलत गेलो.

जुनी घेणार असाल तर आर्म (ब्लेड धरणारा दांडा) हाताने हलवून बघा, खडखड असेल तर मी तरी घेणार नाही. आणि बिनपिनचं (टोकांना आडवी पिन नसलेलं) ५ इंची ब्लेड त्यात बसतं का ते विचारा, कारण पिनवाल्याला जाळीच्या आत भोक मोठं पाडावं लागतं, बारीक नक्षीत ते जमतच नाही.