मोझॅक हॉप्स: कडवटपणाही त्याचाच, आंब्याचा वासही त्याचाच

मोझॅक ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या याकिमा खोऱ्यातली हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, जात. सिमको आणि नगेट या हॉप्सच्याच जातींच्या वंशातून आलेली ही जात २०१२ मध्ये या नावाने बाजारात उतरली. आंबा, संत्रं, ब्लूबेरी असा वास आणि कडवटपणा देणारं अल्फा आम्ल साधारण १२ टक्के. त्यामुळे २० लिटर पेल एलला (फिकट रंगाच्या बिअरला) दुसरे हॉप्स लागत नाहीत.

वर्टच्या (माल्टच्या धान्यातून काढलेल्या गोड पाण्याच्या) उकळीच्या सुरुवातीला १५ ग्रॅम टाका आणि तासभर उकळा. पाकिटावरचं अल्फा १२ पेक्षा वेगळं असेल तर वजन उलट्या प्रमाणात बदला: अल्फा जास्त तर हॉप्स कमी.

आता खरा कसोटीचा टप्पा. आमटीवर शेवटी कोथिंबीर घालतो तसे गॅस बंद करून लगेच वासाचे हॉप्स टाका, असं सगळे सांगतात. मी ते ऐकलं आणि सलग तीन वेळा बिअर बिघडवली. आंब्याचा वास नावालाच, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी बसणारा रखरखीत कडवटपणा. कारण साधं आहे. गॅस बंद केला तरी वर्ट ९५ अंशांच्या वरच असतं. त्या उष्णतेत अल्फा आम्लाचं कडू रूपांतर चालूच राहतं, आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. कमी अल्फाच्या जातीत हे खपून जातं. इथे ६० ग्रॅम मोझॅक ओतता तेव्हा अजिबात खपत नाही.

म्हणून आधी वर्ट ७७ अंशांवर आणा. गार पाण्याची कॉइल पाचेक मिनिटं फिरवली की होतं. थर्मामीटर वर्टच्या मध्यावर धरा. वरचा थर आणि तळ वेगळे आकडे दाखवतात. मग ६० ग्रॅम टाका, झाकण लावा आणि वीस मिनिटं थांबा, मध्ये दोनदा हलक्या हाताने ढवळा. अंदाजाने हात लावून तापमान ठरवू नका. पाकीट उघडल्यावर कांद्या-लसणाचा वास आला तर ते हॉप्स इथे वापरूच नका. तो वास बिअरमध्ये उतरतो.

पुढे वर्ट २० अंशांपर्यंत गार करून यीस्ट घाला.

किण्वन संपल्यावर ५० ग्रॅम कोरडे हॉप्स न उकळता थेट बिअरमध्ये, तीन दिवस. झाकण क्षणभरच उघडा, हवेने वास मरतो. हॉप्समधली विकरं (एन्झाइम) उरलेली साखर फोडून किण्वन पुन्हा सुरू करू शकतात. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नका, फुटतात.