लाकडी सांताक्लॉजचा चेहरा: सुरुवात कोपऱ्यापासून

नाताळसाठी सांताक्लॉजचा चेहरा कोरायला बसणारा नवशिका बहुधा चौकोनी तुकड्याची सपाट बाजू समोर धरतो, तिच्यावर डोळे-नाक-मिशा पेन्सिलीने रेखाटतो आणि मग कितीही मेहनत घेतली तरी चेहरा चपटाच का दिसतो, या कोड्यात पडतो. तुकडा फिरवून त्याचा कोपरा समोर घ्यावा. नाकाला लागणारा उठाव त्या कडेत आधीपासूनच असतो आणि दोन्ही बाजूंचे गाल आपसूक मागे उतरतात.

अमेरिकेत या छंदासाठी बासवुड हे मऊ, एकसारख्या बारीक तंतूंचे लाकूड वापरतात. गोव्यात मला त्याला सर्वांत जवळचे वाटले ते शिवणीचे लाकूड. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे परिचित असलेला पांगारा हलका आणि मऊ असला, तरी त्याचे तंतू भुसभुशीत असल्यामुळे पापण्यांसारखे बारीक काम त्यावर सुबक उतरत नाही. सागवान दिसायला देखणे, पण त्यातील सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते. लाकूड वाळलेले हवे. पावसाळ्यात घरात ठेवलेला तुकडाही दमट होतो, म्हणून मी दसऱ्यानंतरच काम हाती घेतो.

हत्यारे फार लागत नाहीत: एक लहान पात्याचा कोरण्याचा चाकू, एक व्ही आकाराची पटाशी आणि एक अर्धगोल पटाशी. धार तपासण्यासाठी लाकडाच्या टोकाकडील भागावर आडवा काप घ्यावा. काप गुळगुळीत न येता त्यावर पांढुरक्या रेघा उमटल्या, तर पात्याला खाच आहे असे समजून चामड्याच्या पट्ट्यावर ते घासावे. तुकडा धरणाऱ्या हातात कापरोधक हातमोजा हवाच, कारण बोथट चाकू जोर लावायला लावतो आणि जोर लावलेला चाकू निसटतो.

चार सेंटिमीटर चौरस आणि पंधरा सेंटिमीटर लांबीचा, उभ्या तंतूंचा तुकडा घ्यावा. समोरच्या कडेवर वरून पाच सेंटिमीटर टोपी, त्याखाली एक सेंटिमीटर टोपीची पांढरी पट्टी, मग अडीच सेंटिमीटर नाक आणि उरलेली लांबी मिशा-दाढी, अशा खुणा करून त्या शेजारच्या दोन्ही बाजूंवर ओढाव्यात. पट्टीच्या खालच्या खुणेवर चाकूने चार-पाच मिलिमीटर खोल आडवा छेद द्यावा आणि खालून वर त्या छेदापर्यंत तिरकी ढलपी काढावी. नाकाच्या टोकाखालीही असेच करावे. छेद आधी दिलेला असल्यामुळे ढलपी तिथेच थांबते, पुढे चिरत जात नाही.

त्यानंतर अर्धगोल पटाशीने नाकाच्या दोन्ही अंगांना डोळ्यांच्या खोबण्या कराव्यात. भुवई आणि नाक जिथे मिळतात, तिथे खोबणी सर्वांत खोल हवी. हाताला भीती वाटते, पण इथे कंजूषी केली की सांता झोपेतून उठल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या सांताचे नाक मात्र खोलीमुळे नव्हे, तर घाईमुळे उडाले: टोकाशी तंतू आखूड असतात हे विसरून मी पाते उपटून काढले. फेविक्विकच्या थेंबाने ते चिकटले, तरी रेघ राहिलीच.

गालांना गोलाई दिल्यावर मिशा नाकाखालून बाहेर वळवाव्यात आणि दाढीच्या बटा व्ही पटाशीने कमीजास्त लांबीच्या, नागमोडी काढाव्यात. सारख्या अंतरावरच्या सरळ रेघा केरसुणीसारख्या दिसतात. डोळे शेवटी करावेत. हसताना गाल वर चढतात, त्यामुळे सांताचे डोळे बारीक असतात. पापण्यांच्या दोन रेषा आणि दोन्ही कोपऱ्यांतून उचललेली इवलीशी त्रिकोणी ढलपी पुरते.

रंग अ‍ॅक्रिलिकचा, पाण्यात बराच पातळ करून द्यावा, म्हणजे पात्याच्या खुणा आणि लाकडाच्या रेषा दिसत राहतात. गालांचा लाल रंग त्वचेच्या रंगाचा थर ओला असतानाच टेकवावा. पूर्ण वाळल्यावर जवसाचे उकळवलेले तेल चोळून जास्तीचे पुसून घ्यावे. तेलाची फडकी मात्र चुरगळून डब्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून अंगणात पसरून वाळवावीत.