मुलांना मान द्यायला कसं शिकवायचं : ख्रिस्ती आईबाबांसाठी थोडं कामाचं

"आपला बाप व आपली आई यांचा मान राख" ही आज्ञा आपल्या मुलांना झोपेतून उठवून विचारली तरी येते. निर्गम 20:12, दहा आज्ञांपैकी आपण प्रोटेस्टंट लोक तिला पाचवी म्हणतो, कॅथलिक मोजणीत ती चौथी येते, पण आज्ञा तीच. संडे स्कूलमध्ये खडाखडा म्हणून दाखवतात, बक्षीस घेतात, आणि घरी येऊन आजीने पाणी मागितलं की "तूच घे ना" म्हणतात. याचं मला वाटतं एक मोठं कारण असं की हे वचन मुलांच्या कानावर फक्त आपण चिडलेलो असतो तेव्हा पडतं. पोरगं उलटून बोललं की लगेच "बायबलमध्ये काय लिहिलंय माहितीये ना?" मग त्या वचनाची आणि ओरडा खाण्याची मुलाच्या डोक्यात गाठच बसते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या गोष्टी मुलांना कधी सांगायच्या ते लिहिलंय, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. म्हणजे सगळं शांत चाललंय तेव्हा. तर पहिलं काम हे करा, रागाच्या भरात वचन फेकून मारणं बंद करा आणि तेच वचन रात्री अंथरुणावर, आजोबांच्या लहानपणीची एखादी गोष्ट सांगता सांगता सांगा.

दुसरं, मान कुणाला द्यायचा हे आधी आपल्याला क्लिअर हवं. बहुतेक घरांत मुलांना "मोठ्यांना मान द्या" एवढंच शिकवलं जातं आणि मोठा म्हणजे वयाने मोठा किंवा पदाने मोठा, मग ते मूल प्रिन्सिपल दिसले की सरळ उभं राहतं आणि शाळेच्या शिपाईकाकांना "ए" म्हणून हाक मारतं. याला मी मान म्हणणारच नाही, ही तर भीती आहे. आपल्याकडे सुरुवात उत्पत्ती 1:27 पासून होते, देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात निर्माण केला, आणि त्यात घंटागाडीवाले काकाही आले, वॉचमनही आला आणि वर्गात मागच्या बाकावर बसणारा, ज्याला कुणी खेळायला घेत नाही तो मुलगाही आला. पेत्र तर सरळच लिहितो, सर्वांना मान द्या (1 पेत्र 2:17). याकोबच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत सोन्याची अंगठी घालून आलेला माणूस आणि मळक्या कपड्यातला गरीब यांची गोष्ट आहे, एकाला चांगली जागा आणि दुसऱ्याला "तिथे उभा राहा", ती मुलांना नुसती वाचून दाखवू नका, नाटक करायला लावा. एकाला भारी शर्ट घाला, दुसऱ्याच्या अंगावर फाटकी चादर टाका, आणि मग विचारा की आपल्या चर्चमध्ये असं कुणाबरोबर होतं का. मुलं जी उत्तरं देतात ना ती ऐकून मोठ्यांची मान खाली जाते.

याच्याच जोडीला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली त्यांनी आपल्याकडे आणल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, त्या मुलींना लिहायला वाचायला आणि हाताने कमवायला शिकवलं. दया तर त्यात होतीच, पण हाताला काम आणि डोक्याला शिक्षण दिलं म्हणजे माणूस म्हणून उभं केलं, हा फरक आठ दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतो.

आता घरात रोज काय करायचं. घरी काम करायला येणाऱ्या मावशींना मुलाने "अहो मावशी" म्हणायचं, त्यांचं नाव माहीत असायला हवं, त्यांना चहा देताना कोपऱ्यातला वेगळा कप काढायचा नाही (हे आईबाबांसाठी, कारण कप मुलं काढत नाहीत, आपण काढतो). मे महिन्यात कुरिअरवाला जिने चढून आला तर पाण्याचा ग्लास मुलाच्या हातून द्या, पाच वर्षांचं पोरगंही ग्लास धरून दारापर्यंत जाऊ शकतं, थोडं सांडेल, सांडू दे. रिक्षातून उतरताना थँक्यू म्हणायला लावा. हे सगळं छोटं वाटतं पण मूल आपलं सगळं लक्ष इथेच ठेवून असतं, आपण साहेबांशी फोनवर किती गोड बोलतो ते त्याला फारसं महत्त्वाचं नसतं, फोन ठेवल्यावर भाजीवालीशी कसं बोलतो ते बरोबर उचलतं.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण संडे स्कूल घेताना हे फार दिसतं. रविवारची उपासना संपली की गाडीत बसल्या बसल्या पाळकसाहेबांचं पोस्टमॉर्टेम सुरू होतं, संदेश किती लांबला, त्यांच्या मिसेसनी काय घातलं होतं, कमिटीत कोण कुणाला काय बोललं. मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात. मग तेच मूल पुढच्या रविवारी टीचरचं ऐकत नाही आणि आपण म्हणतो हल्लीच्या मुलांना काही आदरच नाही. पाळकांचं चुकत असेल तर त्यांच्याशी जाऊन बोला, मुलांसमोर गाडीत नको. गाडीत मुलांना विचारा की आज तुला काय कळलं, तेवढं पुरे.

लहान मुलांना, म्हणजे तीन ते सात वर्षांच्या, मी शमुवेलाच्या गोष्टीवरून सुरुवात करते. 1 शमुवेल 3, रात्री देवाची हाक ऐकू येते, त्याला वाटतं म्हाताऱ्या एली याजकानेच बोलावलं, तो धावत एलीकडे जातो, तुम्ही मला हाक मारली ना, असं तीनदा होतं आणि तिन्ही वेळा तो उठून जातो, एकदाही कंटाळून "काय आहे?" म्हणत नाही. याचा खेळ करा, आई हाक मारणार, मूल "आलो" म्हणून जिथे असेल तिथून येऊन समोर उभं राहणार, मग आई फक्त एक पापा घेणार आणि परत पाठवणार. हाक मारली की दरवेळी काम किंवा बोलणीच मिळतात असं झालं तर कुठलं मूल येईल? पण यात आपलीही बाजू आहे, किचनमधून पाच वेळा ओरडायचं आणि सहाव्या वेळी चिडायचं हे चालणार नाही, हातातलं काम ठेवून जवळ जा, खांद्याला हात लावा, नजरेत बघून एकदाच सांगा. आणि एलीचं पुढचंही विसरू नका, त्याचे स्वतःचे मुलगे वाईट वागत होते आणि त्याने त्यांना आवरलं नाही, याबद्दल देव त्यालाच जबाबदार धरतो. म्हणजे लाडाने सोडून देणं हे प्रेम नाहीये.

अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणारी पोरं आणि त्यांना फाडणारी अस्वलं, ही गोष्ट मात्र मुलांना घाबरवायला वापरू नका प्लीज. खूप आज्या वापरतात. मूल मान द्यायला शिकत नाही, रात्री घाबरून उठतं आणि देव म्हणजे अस्वल पाठवणारा एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

उलट बोलणं हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. इथे लूक 2 बघा, येशू बारा वर्षांचा, मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्नही विचारतोय. मरीया त्याला विचारते तू आमच्याशी असं का वागलास, तेव्हाही तो प्रश्न करतो, आणि मग त्यांच्याबरोबर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. म्हणजे प्रश्न विचारणं हा अपमान नाही हे आधी आपण मान्य करू. "का" विचारलं की "मी सांगितलं म्हणून" असं तोंड बंद करू नका. बघायचं ते टोनकडे आणि शब्दांकडे. मूल "मला नाही यायचं, बोअर आहे ते" असं खेकसलं तर लेक्चर न देता एवढंच म्हणा, "हेच परत नीट सांग." मग त्याला वाक्य द्या, कारण बऱ्याच मुलांना नीट कसं म्हणायचं तेच माहीत नसतं: "मम्मी, मला आज यायचा कंटाळा आलाय, मी घरी थांबू का?" असं विचारलं तर कधीकधी खरंच हो म्हणा. दरवेळी नीट विचारूनही नाहीच मिळणार असेल तर मूल नीट कशाला विचारेल. आणि हे सगळं पाहुण्यांसमोर करू नका, बाजूला घेऊन जा, त्याचाही मान आहे.

मारण्याबद्दल. "छडी आवरतो तो मुलाचा वैरी" हे नीतिसूत्रे 13:24 आपल्याकडे फार जोरात सांगितलं जातं, पण इफिस 6:4 तेवढ्या जोरात सांगितलं जात नाही, बापांनो तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, तर प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा. कलस्सै 3:21 मध्ये कारणही दिलंय, मुलं खिन्न होतात. माझं मत पक्कं आहे, शिस्त हवीच, हात उचलायची गरज नाही. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच मारायला बंदी आहे, मग ज्या घरात प्रभूचं नाव घेतलं जातं तिथे शाळेपेक्षा जास्त मार का? आजीला वाईट बोललास तर आज टीव्ही नाही आणि आजीचे कपडे घडी करायला तू मदत करणार, असा परिणाम सांगा आणि सांगितलेला पाळा. आपलं चुकलं तर आपणही मुलाला सॉरी म्हणायचं, पूर्ण म्हणायचं, "सॉरी पण तू पण ना" असं अर्धं नको. त्याने आपला मान कमी होत नाही.

आजीआजोबांचा विषय जरा सविस्तर. इंग्लिश मिडियमच्या मुलांना गावाकडून आलेल्या आजोबांची लाज वाटते, हे कुणी मोठ्याने बोलत नाही पण आहे. धोतर किंवा पायजमा, टोपी, मोठ्याने बोलणं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मित्र भेटला की मूल दोन पावलं बाजूला सरकतं. अशा वेळी योसेफाची गोष्ट काढा, आणि त्याचे भाऊ, त्याचा रंगीत झगा एवढ्यावर थांबू नका, शेवटपर्यंत जा. उत्पत्ती 46 आणि 47. योसेफ मिसर देशात फारोच्या खालोखाल मोठा अधिकारी, आणि मिसरी लोकांना मेंढपाळांचा तिटकारा, असं तिथेच लिहिलंय. बाप मेंढपाळ, म्हातारा, 130 वर्षांचा. योसेफ काय करतो, रथ जोडून स्वतः बापाला भेटायला जातो, गळ्यात पडून खूप वेळ रडतो, आणि नंतर त्याच मेंढपाळ बापाला नेऊन थेट फारोसमोर उभा करतो. आणि बाप फारोला आशीर्वाद देतो! मुलांना विचारा, तुझा मित्र आला तर आजोबांची ओळख करून देशील? मग तसं करून घ्या, "हे माझे आजोबा" एवढं एक वाक्य. आमच्या नगरकडच्या जुन्या लोकांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं न बघता येतात, पेटी काढून बसले की एकामागून एक म्हणतात, तर महिन्यातून एखादं गीत नातवाने आजोबांकडून शिकायचं असं ठरवा. ज्याच्याकडून आपण काही शिकतो त्याच्याबद्दल आदर आपोआप येतो, वेगळं सांगावं लागत नाही. गोव्यात कॅथलिक घरांत तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, झाला की मुलं मोठ्यांकडे बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद, मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडेही परीक्षेच्या दिवशी आजीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, येशूने मुलांना जवळ घेऊन त्यांच्यावर हात ठेवले तसं.

आता पाया पडणं आणि प्रसाद, यावर आपल्या घराघरांत वेगळं मत आहे. काही जण नातेवाइकांच्या पाया पडू देतात, काही म्हणतात फक्त देवापुढेच वाकायचं. जे ठरवाल ते घरात आधी ठरवा आणि मुलाला करायला काहीतरी द्या, कारण नुसतं "आपण पाया पडत नाही" सांगितलं तर मूल शेजारच्या काकूंसमोर खांबासारखं उभं राहतं आणि त्यांना वाटतं पोरगं उद्धट आहे. पुढे होऊन दोन्ही हात जोडून "नमस्कार काकू, कशा आहात?" एवढं शिकवा, हसून. प्रसादाचंही तसंच, तुमच्या घरी घेत नसाल तर "थँक्यू काकू, आमच्याकडे घेत नाहीत" असं हळू आवाजात सांगायचं, तोंड वाकडं करायचं नाही आणि मित्राच्या देवाबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाही. मित्राच्या आईने प्रेमाने पुढे केलेला हात आहे तो. आपल्या विश्वासाबद्दल विचारणाऱ्याला उत्तर सौम्यतेने द्या असं पेत्र लिहितो, आणि मुलांची पहिली अशी परीक्षा गणपतीतच होते.

टीनएजर्सचं मैदान वेगळं, मोबाईल. सरांचे फोटो काढून स्टिकर बनवायचे, वर्गातल्या मुलीच्या रंगावरून मीम टाकायचं. याच जिभेने देवाची स्तुती आणि याच जिभेने त्याच्या प्रतिरूपातल्या माणसाला शिव्या, असं याकोब 3 म्हणतो, त्यात आता अंगठाही धरा. मोबाईल हिसकावू नका, बसून विचारा की हे स्टिकर तू सरांच्या मुलीला दाखवशील का. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

एक शेवटचं आणि हे अजिबात गाळू नका. मोठ्यांचं ऐक, ऐक असं सतत सांगितलेलं मूल वाईट मोठ्या माणसाचंही ऐकतं. म्हणून त्याच दमात हेही सांगा की कुणी नको तिथे हात लावला, काही लपवून ठेवायला सांगितलं, तर तो काका असो, टीचर असो की चर्चमधला कुणी असो, जोरात नाही म्हणायचं, तिथून निघायचं आणि आम्हाला सांगायचं, आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे हे प्रेषितांनी सांगितलंय, प्रेषितांची कृत्ये 5:29, आणि मुलाला ते वचनही पाठ असू द्या. घरातल्या दोन मोठ्यांचे फोन नंबर आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 त्याला तोंडपाठ हवा, त्याच दहा आज्ञांसारखा खडाखडा.